बरणीतला अल्पेश

“कवाच्या चपला काढून उभी हाय, तळवं भाजून गेलं. पोर दाखवतान म्हणून आले, अन् दिसतंय काय? तर हिचा अंबाडा!”

माझ्या मानेपाशी कुणीतरी कुरकुरलं. अंबाडा माझा होता आणि कुरकुरणारी मनुबाई. उंची माझ्या खांद्याइतकी, तक्रार मात्र माडाएवढी. मी बाजूला सरले.

“जा गो पुढं. बघून घे.”

“बघते तर! मेलेला माणूस परत आलेला मी जन्मात बघितला न्हाय. आमचा म्हातारा गेला तवा हा बाबा कुठं होता, म्हन्ते मी.” मग तिनं क्षणभर विचार केला. “नव्हता तेच बरं.”

रांग खुदखुदली आणि अर्धा पाऊल पुढं सरकली.

चौलच्या पुढं, खाडीच्या काठाला आमचा पाडा. एके काळी सगळे मिठागरावर राबणारे. पुढं मिठागरं बुजली आणि घराघरापुढं डंपर उभे राहिले. एरवी आमच्याकडं पाहुणा येतो तो रस्ता चुकून. पण त्या दिवसांत रेवदंड्याहून, मुरूडकडून रिक्षा भरभरून माणसं येत होती आणि सगळी काळूरामच्या अंगणात उतरत होती. माझी पिठाची गिरण काळूरामच्या भिंतीला भिंत लावून. दळण टाकायचं सोडून लोक माझ्याच ओट्यावर चपला काढायचे.

माजघरात पाटावर एक मोठी काचेची बरणी होती, लोणच्याची असते तशी, झाकणाला लाख लावलेली. मागं तांबडा बल्ब. आत पाणी, आणि पाण्यात एक बाळ. मुठीएवढं. गुलाबी, अंग मुडपलेलं, डोळे मिटलेले.

हा काळूरामचा मुलगा अल्पेश. गेल्या पावसाळ्यात घाटात डंपर उलटून गेला, तेव्हा तिशीचा होता. आणि आता बरणीत.

बरणीपाशी त्याची आई बसली होती, सखुबाई. माझ्याच वयाची, पण नऊ-दहा महिन्यांत सत्तरीची दिसायला लागलेली. तिनं हाक मारली, “अलप्या, बघ कोन आलाय. नलूमावशी आली.”

आणि ते बाळ हळूच वळलं. माझ्याकडं तोंड केलं.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही कळलं ते गिरणीत बसून, वाचनालयातनं आणलेली पुस्तकं पिठानं पांढरी करून. देवाला मी त्रास देत नाही, भुतंखेतं मानत नाही. पण त्या घटकेला माझ्या पाठीतनं गार वारं गेलं, हे कबूल करायला हवं. त्या वळण्यात काहीतरी भयंकर ओळखीचं होतं. झोपेत कूस बदलावी तसं.

“नमस्कार करा आणि पुढं चला,” बाहेरून आवाज आला. “बाळाला नजर लागते.”

आवाज विपुलनाथ महाराजांचा. भगव्या लुंगीवर डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष, आणि रुद्राक्षावर स्टेथोस्कोप. देवाची पंचाईत नको आणि विज्ञानाचीही नको, अशी एकंदर व्यवस्था.

“भक्तहो,” मांडवात महाराज सुरू झाले, “देव ओरिजिनल पाठवतो. ओरिजिनल हरवली तर माणूस काय करतो? झेरॉक्स काढतो! ह्यालाच म्हणतात क्लोनिंग. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, फक्त तेव्हा वीज नव्हती म्हणून मशीन नव्हतं. ह्या माउलीनं मुलाची नाळ जपून ठेवली होती. नाळेत पेशी, पेशीत बीज, बीजात अख्खा माणूस. तुमच्या डोळ्यांदेखत मी ती नाळ ह्या बरणीत सोडली. दुसऱ्या दिवशी काय दिसलं?”

“नखाएवढं बाळ!” लोक ओरडले.

“आणि आज?”

“मुठीएवढं!”

“नाक तेच, डोळे तेच, आवाज तोच. स्वभावासकट! तसाच्या तसा अल्पेश!”

“स्वभावासकट?”

प्रश्न अगदी हळू आला होता. रुचितानं विचारला होता, अल्पेशच्या बायकोनं. म्हसळ्याकडची मुलगी, पंचविशीच्या आतली. चहाचा ट्रे घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होती.

“स्वभावासकट, मुली. एक केस इकडचा तिकडं नाही.”

ट्रेमधले कप एकमेकांवर किणकिणले. ती वळून आत गेली.

“गुणाचा होता गो माझा पोर,” सखुबाई म्हणाली. मांडवात कुणाला एकदम खोकला आला, कुणाला मासळीबाजार आठवला. मनुबाईनं पदर सारखा केला, जो आधीच सारखा होता.

“महाराज,” मागून एकानं धीर केला, “एवढं सोपं हाय, तर सरकारी दवाखान्यात का न्हाय करत?”

महाराज ह्या प्रश्नाचीच वाट बघत असावेत. “बंदी आहे! माणसाचं क्लोनिंग करायला बंदी आहे. आता मला सांगा, खोट्या गोष्टीवर कुणी बंदी घालतं का? उडत्या घोड्यावर बंदी आहे? नाही. क्लोनिंगवर आहे. म्हणजे?”

“म्हंजे खरं हाय!”

“खरं आहे, आणि मोठ्या लोकांना ते फक्त स्वतःसाठी हवं आहे. गरिबाचं लेकरू परत आलेलं त्यांना बघवत नाही.”

टाळ्या पडल्या. माझ्याही हाताची हालचाल होता होता राहिली. वाक्य असं चपखल बसलं होतं की त्यातली फट शोधायला मला दोन दळणं लागली.

पुढचं महाराजांनी आवाज खाली आणून सांगितलं. बरणीत बाळ वाढतं ते मुठीएवढंच. पुढं त्याला उदर लागतं. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आगरदांड्याहून फेरीनं पलीकडं जायचं. तिथं दिघीच्या बाजूला त्यांची ‘प्रयोगशाळा’. तिथं रोवणी करायची. रोवणी हा त्यांचाच शब्द. दक्षिणा काहीच नको. काळूरामची खाडीकाठची बुजलेली मिठाची कोंडी तेवढी आश्रमाच्या नावे झाली की पुरे.

सखुबाईचं वय उलटलेलं. घरात उदर एकच होतं, आणि ते चहाचे कप विसळत होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या ओट्यावर वाद पेटला. एका बाजूला माझी भाची रचना, रेवदंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या बाजूला जीवन, काळूरामचा पुतण्या, अलिबागच्या कोर्टात वकील. दोघंही लहानपणापासून एकमेकांना खोटं पाडण्यातच वाढलेली.

“बाबा लबाड असेल,” जीवन म्हणाला. “चल, मानलं. पण तत्त्व बघ. टेस्ट ट्यूब बेबी आली तेव्हाही लोक बोंबलले होते. आज तालुक्याला दवाखाने आहेत. मग ह्यालाच बंदी का? माझ्या घरात मूल कसं यावं हे सरकार ठरवणार? आणि खरं सांगू, आपल्याकडं संसदेनं त्यावर वेगळा कायदा केलेलाच नाही. संशोधनाची राष्ट्रीय नियमावली आहे, तिच्यात मनाई. नियमावली म्हणजे कायदा नव्हे.”

“ते तू कोर्टात सांग. मला एवढंच माहीत आहे, की जगात कुठंही माणसाचं क्लोन झाल्याचा पुरावा नाही. मेंढीच्या वेळी शेकडो प्रयत्न फसले तेव्हा एक जगली. हरयाणात म्हशीचं पहिलं रेडकू केलं, ते काही दिवसांत गेलं. आता रेडकाच्या जागी माणसाचं पोर धर. फसलेल्या पोरांचं काय करायचं, दादूस? लोणचं?”

“म्हणजे पुढं धोका संपला, तर बंदी उठवायची?”

“मला नाही वाटत उठवावी. जन्माआधीच त्या पोराच्या अंगावर दुसऱ्याचं नाव गोंदायचं. तो हसला की म्हणायचं, अल्पेश अस्साच हसायचा. रस्त्यात डंपर दिसला की त्याला घरात कोंडायचं. त्यानं स्वतःचं आयुष्य जगायचं कधी?”

“जुळी भावंडं असतात की सारखी.”

“असतात. पण एकाची तेरवी करून दुसरं कुणी जन्माला घालत नाही.”

मी गिरणीचा पट्टा थांबवला. एवढा वेळ जे डोक्यात फिरत होतं ते आत्ता तोंडात आलं. “जीवन, बंदी आहे म्हणजे ते खरंच होतंय, असं महाराज म्हणतात. मग आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. म्हणजे जादूटोणा खरा?”

जीवनचं तोंड उघडं राहिलं. वकिलाचं तोंड कामाशिवाय उघडं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

“तो कायदा कुणी भुताला घाबरून नाही केला,” मी म्हटलं. “भुताच्या नावानं माणसाचे हाल करतात म्हणून केला.”

“मावशी, तू कोर्टात का नाही येत?”

“कोर्टाला माझ्या मापाचा काळा कोट शिवायला लागेल.”

हसलो तिघंही. पेशी, कायदा, धर्म, विज्ञान, सगळं बोलून झालं. मग माझं लक्ष दाराकडं गेलं. रुचिता दळणाचा डबा कमरेवर घेऊन कधीची उभी होती. तिच्याच पोटावर एवढं बोलणं चाललं होतं, आणि तिला कुणी साधं बस म्हटलं नव्हतं.

“तुला काय वाटतं गो?” मी विचारलं.

ती डब्याच्या झाकणाकडं बघत राहिली. “आईंना बरं वाटतंय. जेवतात आता.” मग म्हणाली, “जाडसर दळा.”

आणि सखुबाई खरंच जेवायला लागली होती. त्याचीच मला सगळ्यात भीती वाटायची. तिला धरायला काहीतरी मिळालं होतं. ते सोडवून घ्यायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? भिंतीपलीकडून दिवसभर तिचं गुणगुणणं ऐकू यायचं. गाण्याला शब्द नव्हते. नुसता हुंकार, पाळण्याच्या झोक्याच्या तालावर. गिरण चालू असली की तो हुंकार पट्ट्याच्या आवाजात मिसळायचा. गिरण बंद केली तरी मला वाटायचं, कुठंतरी काहीतरी फिरतंच आहे. पाड्यातली पोरं त्या घरापुढून जाताना पळत जायला लागली. एक पोरगी म्हणाली, बाळानं डोळे उघडले. दुसरी म्हणाली, उघडले आणि हसलं. काळूराम अंगणात बसून राहायचा, घरात पाठ टेकायला जायचा नाही. एकदा मला म्हणाला, “नले, आत गेलो की वाटतं तो माझ्याकडं बघतोय. पोटचा पोर बघतोय म्हणून बापूस घाबरतो का गो?”

मग एके दिवशी हुंकार थांबला.

मी हातातलं सूप टाकून गेले. माजघरात अंधार. बल्ब चालू होता, पण बरणीवर शाल पांघरलेली. सखुबाई बरणीला मिठी मारून बसली होती.

“झोपलाय,” ती म्हणाली.

“सखू, शाल काढ.”

“झोपलाय म्हनते ना!”

मी तिच्याजवळ बसले. मग तिनंच शाल ओढली.

बाळ आकसलं होतं. मुठीएवढं होतं ते खारकेएवढं झालं होतं. अंगाला सुरकुत्या, रंग उतरलेला, पाणी मात्र गुलाबी. म्हातारं होऊन पडलेलं तान्हं बाळ. मला आजही ते कधीकधी डोळ्यांपुढं येतं.

“मी मारला त्याला,” सखुबाई म्हणाली. “एकदा डंपरनं मारला, आथा मी.”

“काय केलंस तू?”

“पाचवी केली. महाराज बोलले, मुठीएवढं झालं, आथा त्याच्यान जीव आला. जीव आला म्हंजे पाचवी नको करायला?”

आमच्या पाड्याची रीत आहे. बाळाच्या पाचवीच्या अंघोळीत घरच्या कोंडीतलं मूठभर जाडं मीठ टाकतात. ज्या खाऱ्यानं घर जगवलं त्याची बाळाला ओळख व्हावी म्हणून. मिठागर बुजून वर्षं झाली, पण जुन्या मिठाचं एक मडकं प्रत्येक म्हातारीच्या फडताळात असतंच.

“लाख तोडून झाकन उघडलं, मूठभर टाकलं, परत चिकटवलं. पानी महाराजांचंच ठेवलं गो! ते बोलले व्हते, हिरीचं पानी घालू नको, मी आनलेलंच घाल. तेच होतं. मी फकस्त मीठ टाकलं. मीठ म्हंजे काय घान हाय?”

आणि ती जी रडायला लागली, ती आवाज न करता. सगळं अंग हलत होतं, तोंडातून काही नाही. मी तिला धरलं. धरल्या धरल्या माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकली: आमच्या विहिरीचं पाणी महाराजांना का चाललं नव्हतं? खाडीकाठच्या विहिरीत असतं काय? खारट पाणी.

मी अंगणात येऊन रचनाला फोन लावला. मीठ टाकल्यावर आकसलं, एवढंच सांगितलं. मग ती म्हणाली, “मावशी, त्या माणसाला गाडीत बसू देऊ नकोस. आलेच मी. वाटेत मेडिकलमध्ये थांबते.”

“औषध आणतेस?”

“लंगोट आणते.”

तोवर काळूरामनं महाराजांना बोलावलं होतं. ते आले, बरणीत डोकावले. त्यांचा चेहरा मी नीट बघत होते. पहिल्या घटकेला तो चेहरा चक्क बुचकळ्यात पडला होता. दुसऱ्या घटकेला त्यांना सूर सापडला.

“घात केलास, माउली! आईच्या हातानं लेकराचा गळा घोटलास!”

सखुबाई जमिनीवर बसली ती बसलीच.

“पण अजून धुगधुगी आहे,” महाराज म्हणाले. “मुहूर्ताची वाट बघायची नाही. पुढच्याच फेरीनं सुनेला पलीकडं न्यायचं. आजच रोवणी झाली तर वाचेल. उशीर केलात तर ही हत्या तुमच्या डोक्यावर.”

अंगणात पाडा जमला होता. फेरीला न्यायला बरणी बाहेर आणून ठेवली होती, आणि सखुबाई तिच्यापाशीच बसून होती. सगळ्यांनी रुचिताकडं बघितलं. कुणी म्हणालं, पुण्याचं काम हाय. कुणी म्हणालं, नवऱ्यासाठी बाई काय नाही करत. काळूराम मान खाली घालून म्हणाला, “कापडं बदल, बाय.”

ती आत गेली. खरंच गेली. आणि साडी बदलून, लहानशी पिशवी घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा मला बघवेना. फेरीत चढवलेल्या बकरीसारखा नव्हता तो. बकरी निदान ओरडते.

तेवढ्यात रचनाची स्कूटी अंगणात शिरली. तिनं कुणाशी न बोलता मध्ये पाट मांडला, पिशवीतून लहान मुलाचं डायपर काढलं आणि टराटरा फाडलं.

“आथा हे काय?” मनुबाई पुटपुटली. “पोर व्हायच्या आधीच लंगोट?”

रचनानं त्यातली पांढरी भुकटी पेल्यात झटकली. तळाला जेमतेम दिसेल एवढी. मग महाराजांनी आणून ठेवलेल्या कॅनमधलं पाणी तिच्यात ओतलं. बघता बघता भुकटी फुगली, पेला भरला. तिनं पेला उलटा केला. थेंब पडला नाही.

“हे पाणी पिऊन फुगणारं रसायन. बाळाच्या लंगोटात असतं, आणि खेळण्यांतही. साच्यातून हवा तो आकार काढतात, वाळवतात, नखाएवढा करतात. गोड्या पाण्यात टाकला की चार-आठ दिवसांत मूठभर.” तिनं दुकानातून आणलेलं एक पाकीट वर धरलं. आत चिमुकली हिरवी मगर. “माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराकडं असली एक आहे. आणि ह्याचा वैरी एकच.”

तिनं मीठ मागितलं. मी फडताळातलं मडकंच आणून दिलं. चिमूट पडली, ढवळलं, आणि तो घट्ट गोळा पाणी सोडायला लागला. थोड्या वेळात पेल्यात नुसतं पातळ पाणी.

“म्हणून तुमच्या विहिरीचं पाणी चालत नव्हतं,” रचना म्हणाली. “आणि बाळ वळायचं म्हणता? मागं बल्ब नसला तर नाही वळणार. बल्बनं एका बाजूचं पाणी तापतं, तापलेलं वर चढतं, गार खाली येतं. त्यात काहीही टाका, वळेल. बटाटा टाका, बटाटा वळेल.”

“पाखंड!” महाराज ओरडले. “बरणीला हात लावाल तर बाळ मरेल! शाप लागेल!”

सखुबाई ताडकन उठून बरणीपुढं उभी राहिली. “कोन हात लावनार न्हाय!”

रचना मागं सरली. तिचा मला तिथं फार अभिमान वाटला. “मामी, मी नाही लावणार. तुम्ही लावा. तुम्ही स्वतः बाळंतीण झालात, पाड्यातली निम्मी पोरं तुम्ही न्हाऊ घातली. तुम्ही हात लावून बघा आणि आम्हाला सांगा. आईच्या हातानं बाळ मरत नाही.”

सखुबाईनं आमच्या सगळ्यांकडं बघितलं. मग झाकण काढलं आणि पाण्यात हात घातला.

ते तळहातावर घेतलं. अंगठ्यानं डोकं चाचपलं, टाळू शोधली. उलटं केलं. पाठीवरून बोट फिरवलं, वरून खाली, परत वरून खाली, तेल लावताना फिरवतात तसं. बोट मध्येच थांबलं.

“ह्याला कना न्हाय,” ती म्हणाली. “रेघ हाय. प्लास्टिकच्या टमरेलाला असते तशी.”

मग ती महाराजांकडं वळली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “माझी नाल कुठं हाय?”

“ती... ती विरघळली, माउली.”

महाराज बोलता बोलता गाडीकडं सरकत होते. गाडीच्या दाराला जीवन टेकून उभा होता, रचनाच्या फोनवर धावत आलेला, बोटात त्याच गाडीची चावी फिरवत. “बसा, महाराज. बंदीबद्दल तुम्हाला फार माहिती आहे. जादूटोणाविरोधी कायद्याची कलमं ऐकवतो, पोलीस येईपर्यंत वेळ चांगला जाईल.”

बरणीत सोडल्याचं दाखवलेली नाळ त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात निघाली, सखुबाईच्याच फडक्यात, तिच्याच गाठीत. ती गाठ सोडायचेही कष्ट त्या माणसानं घेतले नव्हते.

पोलिसांची गाडी गेली. उन्हं कलली तरी माणसं अंगणातून हलेनात. खरं म्हणजे आता आनंद व्हायला हवा होता. पण घरातून मयत उचलून नेल्यावर असतं तसं अंगण झालं होतं. सखुबाईनं नाळेचं फडकं मुठीत धरलं होतं. रुचिता पायरीवर बसली होती, ती लहान पिशवी अजून मांडीवर.

“हा खोटा निघाला,” सखुबाई हळूच म्हणाली. “पन रचना, खरा डाक्टर येईल का गो कधी? आज न्हाय तर दहा वर्सांनी? कायदा बदलंल. तवा तरी?”

जीवननं रचनाकडं बघितलं. त्या दिवशी हाच प्रश्न दोघांनी ओट्यावर किती सहज फिरवला होता.

“मामी,” रचना तिच्या पायाशी बसली, “खरा डॉक्टर आला तरी तुम्हाला एक नवं पोर देईल. अल्पेशदादा नाही. तोंडावळा तसा असेल, पण तुमच्या मांडीवर खेळलेला तो नसेल. सारखं रूप म्हणजे तो माणूस नव्हे. जो कुणी म्हणेल की गेलेला माणूस आणून देतो, त्याला पहिल्यांदा विचारायचं: कसा? दाखव. उघड ती बरणी. आणि तुला ह्यात काय मिळतंय? हे विचारायला शाळा लागत नाही, धीर लागतो. आपण सगळ्यांनी हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.”

“विचारायला हवं होतं,” काळूराम म्हणाला.

“मी विचारीन,” सखुबाई म्हणाली. “पुढच्या बारीला सगलं विचारीन. पन खरा असला, आनि सरकारानं व्हय म्हनलं,” तिनं सुनेकडं बघितलं, भाबडेपणानं, जीव एकवटून, “तर तू तेवढं करशील ना गो, रुचिता? तुझा नवराच तो. तुला न्हाय का वाटत तो परत यावा?”

मनुबाईचा हात पदराकडं गेला. जीवन जमिनीकडं बघायला लागला. मीही भिंतीकडं बघितलं, माझ्या आणि त्यांच्या घरातली ती एकच विटेची भिंत.

रुचितानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“न्हाय, आई,” ती म्हणाली. “तो मला मारायचा. तुम्हाला ऐकू यायचं. सगळ्यांना ऐकू यायचं. मला तो परत नको.”